डोळ्यांची खाज आणि डोळ्यांची कोरड

फाल्गुन सरत आला की भिलाईच्या मरोदा सेक्टरपासून रिसाली-नेवईपर्यंतच्या मेडिकल स्टोअर्समध्ये एक मागणी रोज ऐकू येते: "डोळे लाल झालेत, एखादा ड्रॉप द्या." मागणारा शाळकरी मुलाचा बाप असतो, कारखान्यातून पाळी संपवून परतलेला कामगार असतो, कोचिंगच्या चाचणीसाठी रात्र रात्र जागणारी मुलगी असते, नाहीतर निवृत्तीनंतर दिवसभर मोबाइलवर बातम्या वाचणारे आजोबा. लाली सगळ्यांची सारखीच दिसते, म्हणून बाटलीही बऱ्याचदा एकच मिळते. आजार मात्र एक नसतो. कोणाला डोळ्यांची अ‍ॅलर्जी झालेली असते, तर कोणाचे डोळे कोरडे पडलेले असतात. हे दोन्ही आजार लाली, पाणी आणि चुरचूर या तीन लक्षणांत एकमेकांत इतके मिसळतात की रुग्णालाच काय, घाईत असलेल्या डॉक्टरलाही क्षणभर चकवा बसावा. पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत, उपचार वेगळे आहेत आणि एकावरचे औषध दुसऱ्याला वाढवू शकते. म्हणून हा फरक घराघरांत माहीत असायला हवा.

फरक ओळखण्याचे बरेचसे काम कोणत्याही यंत्राविना होते. पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: खाज सुटते की जळजळ होते? अ‍ॅलर्जीची ओळख खाजेवरून पटते. ही खाज विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यात सुटते आणि चोळल्याशिवाय राहवत नाही. चोळल्यावर क्षणभर बरे वाटते, मग ती दुप्पट उसळते. सोबत शिंका, वाहणारे नाक, टाळूला किंवा कानात खवखव, घरात कोणाला दमा किंवा इसब असा इतिहास असेल तर संशय पक्का होतो. कोरड्या डोळ्यांचा रुग्ण वेगळे बोलतो. त्याच्या डोळ्यात रेती गेल्यासारखे कचकचते, आग होते, डोळे जड वाटतात, मिटून बसावेसे वाटते. वाचता वाचता अक्षरे पुसट होतात आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसू लागतात. हे पुसट होणे आणि लगेच निवळणे कोरडेपणाची मोठी खूण आहे, पण रुग्ण ती आपणहून क्वचितच सांगतो. त्याला वाटते, चष्म्याचा नंबर बदलला.

दुसरा प्रश्न वेळेचा. कोरडे डोळे बहुधा दिवस चढेल तसे बिघडतात. सकाळी बरे असतात, संध्याकाळी संगणकासमोर किंवा बसच्या खिडकीत हैराण करतात. अ‍ॅलर्जी घड्याळ पाहत नाही. झाडूने धूळ उडाली, जुनी गादी झटकली, मैदानात गवत कापले की ती उठते आणि त्या जागेपासून दूर गेल्यावर ओसरते. याला अपवाद आहेत. पापणीच्या कडेला, जिथे केस उगवतात तिथे, सकाळी उठल्या उठल्या खाज आणि चिकटपणा असेल, तर ती अ‍ॅलर्जी असण्यापेक्षा पापणीच्या कडेची सूज असण्याचा संभव जास्त आणि ही सूज पुढे कोरडेपणाकडेच नेते. म्हणजे खाज आहे एवढेच सांगून भागत नाही, ती नेमकी कुठे आहे हेही डॉक्टरांना सांगावे लागते.

अ‍ॅलर्जीत घडते ते असे. परागकण किंवा धुळीतले एखादे प्रथिन शरीराला शत्रू वाटते. त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये आधीच तयार होऊन मास्ट पेशींवर बसलेली असतात, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात या पेशी भरपूर असतात. तोच कण पुन्हा आला की त्या फुटतात आणि हिस्टामिन सोडतात. काही मिनिटांत रक्तवाहिन्या फुगतात, आवरण सुजते, खाज सुटते. डोळे चोळले की दाबाने आणखी मास्ट पेशी फुटतात, म्हणून चोळण्याने खाज कधीच संपत नाही.

मरोद्याच्या हवेत अशा कणांना तोटा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि या भागाचे रूप पालटले. त्याच वर्षाच्या सुमारास पुण्यात एका परदेशी तणाची पहिली ठळक नोंद झाली. आपल्याकडे त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. आज रेल्वेच्या कडेला, क्वार्टरांमागच्या मोकळ्या जागांत, नाल्यांच्या काठी ते कंबरभर वाढते आणि पावसाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जाते. त्याच्या स्पर्शाने त्वचेला आणि परागाने नाक-डोळ्यांना त्रास होतो. लोक मात्र बहुतेक वेळा दोष देतात गुलमोहराला, कारण तो डोळ्यात भरतो. ज्या फुलांना रंग आणि मध असतो, त्यांचा पराग कीटक किंवा पक्षी नेतात. तो जड आणि चिकट असतो, हवेत फारसा तरंगत नाही. त्रास देतो तो गवतांचा आणि तणांचा हलका, वाऱ्यावर स्वार होणारा पराग, ज्याच्या फुलाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

कार्तिकात धानाची कापणी आणि मळणी सुरू झाली की आसपासच्या गावांतून तुसाची धूळ उठते. उन्हाळ्यात कूलर येतो. मागच्या वर्षीच्या खसच्या किंवा गवताच्या जाळ्या न बदलता, टाकीतला गाळ न काढता कूलर सुरू केला की पहिल्या दिवशी जो कुबट वास येतो, तो बुरशीचा असतो. त्या हवेत बुरशीचे बीजकण असतात आणि ते रात्रभर झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येत राहतात. गाद्या, उशा आणि जाड पडद्यांतले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे तर बाराही महिने असतात. म्हणून ज्याचे डोळे फक्त ठराविक महिन्यांत खाजतात त्याने बाहेरचा पराग शोधावा, आणि ज्याचे वर्षभर खाजतात त्याने आधी आपली उशी पाहावी.

आता कोरड्या डोळ्यांकडे वळू. इथे सर्वांत मोठी अडचण एका गैरसमजाची आहे. "माझ्या डोळ्यांतून तर सारखे पाणी येते, मग ते कोरडे कसे?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो आणि तो रास्तही आहे. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, तो नुसते पाणी नसतो. डोळ्याला लागून श्लेष्माचा भाग असतो, जो पाण्याला बुबुळावर धरून ठेवतो. त्यावर अश्रुग्रंथीतून येणारे पाणी. आणि सर्वांत वर तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा. बरणीतल्या लोणच्यावर तेल तरंगत असेपर्यंत खालचा खार सुकत नाही, तसेच हे तेल खालचे पाणी उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हे नाव. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा या ग्रंथी असतात. प्रत्येक उघडझापेला त्या दाबल्या जातात आणि तेलाचा थर नव्याने पसरतो.

या ग्रंथींची तोंडे बुजली, तेल घट्ट झाले, की पाणी भराभर उडते. बुबुळाचा पृष्ठभाग जागोजागी उघडा पडतो, तिथल्या नसा मेंदूला इशारा देतात आणि मेंदू अश्रुग्रंथीला एकदम पाणी सोडायला लावतो. हे पाणी गालावर ओघळते, पण त्यात तेल आणि श्लेष्मा यांचे प्रमाण बिघडलेले असते, त्यामुळे ते डोळ्यावर टिकत नाही. दोन मिनिटांत पुन्हा तीच कचकच. म्हणून मोटारसायकलवर वारा लागला की ज्याचे डोळे भळाभळा वाहतात, त्याचे डोळे कोरडे असण्याचीच शक्यता मोठी. कोरडेपणाचा दुसरा प्रकार पाणीच कमी तयार होण्याचा. तो संख्येने कमी आढळतो, पण त्यामागे कधीकधी सांधेवातासारखा शरीरभर पसरलेला आजार असतो. स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि सांधेदुखी यांचा संबंध सविस्तर मांडला. आजही चाळिशी-पन्नाशीच्या बाईने "भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळत नाही, डोळ्यांत रेती आहे आणि सकाळी बोटे आखडतात" असे सांगितले, तर ते केवळ वयावर ढकलून तिला परत पाठवणे चूक आहे. तिची रक्ततपासणी झाली पाहिजे.

कोरडेपणाला भिलाईचे हवामान हातभार लावते. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लू चालते आणि दुपारच्या हवेतला ओलावा जवळपास संपतो. त्या उन्हात हेल्मेटची काच वर करून गाडी चालवणाऱ्याचे डोळे घरी पोचेपर्यंत सुकतात. पण आता ऋतूपेक्षाही मोठे कारण आपल्या हातात आले आहे. माणूस गप्पा मारताना मिनिटाला सुमारे १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्यावर नजर लावून बसला की हा आकडा पाच-सातपर्यंत घसरतो, आणि त्यातल्याही बऱ्याच उघडझापा अर्धवट असतात, वरची पापणी खालच्या पापणीपर्यंत पोचतच नाही. ग्रंथी दाबल्या जात नाहीत, तेल साचून घट्ट होते. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आठ तास पॅनेल पाहणारा ऑपरेटर आणि जेईईच्या तयारीसाठी व्हिडिओ वर्ग पाहणारा सतरा वर्षांचा मुलगा आता एकाच तक्रारीने डॉक्टरांकडे जातात. पूर्वी हा म्हातारपणाचा आजार समजला जाई. ती समजूत आता सोडली पाहिजे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, मधुमेही, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे आणि चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया करून घेतलेले यांनाही हा धोका अधिक असतो.

या दोन आजारांची सरमिसळ किती खोलवर गेली आहे, हे आपल्याच देशातल्या दोन अभ्यासांतून दिसते. दिल्लीच्या एम्समधील नेत्रतज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रुग्णालयात आलेल्या सुमारे साडेपंधरा हजार लोकांपैकी ३२ टक्क्यांना कोरड्या डोळ्यांचा आजार आढळला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आपल्या साडेचौदा लाखांहून अधिक नव्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे प्रमाण दीड टक्क्यापेक्षाही कमी निघाले. दोन्ही संस्था नामवंत आहेत आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. फरक मापाचा. दिल्लीची पाहणी १२ प्रश्नांच्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीवर आधारलेली होती, तर हैदराबादला डॉक्टरांनी तपासून नोंदवलेले निदान मोजले गेले. त्या प्रश्नावलीत उजेड खुपतो का, रेती गेल्यासारखे वाटते का, पुसट दिसते का, वाचताना, गाडी चालवताना, वाऱ्यात, एसीत त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. खाज सुटते का, हा प्रश्न त्यात नाही. त्यामुळे अ‍ॅलर्जीचा रुग्णही त्यातल्या अनेक प्रश्नांना 'हो' म्हणू शकतो. म्हणून वर्तमानपत्रात दर काही महिन्यांनी येणारे "इतके कोटी भारतीय कोरड्या डोळ्यांचे" हे मथळे वाचताना कोणत्या मापाने मोजले, हे आधी पाहावे असे आमचे मत आहे.

निदान पक्के करायला डॉक्टरांच्या हाती सोप्या तपासण्या आहेत आणि त्या रुग्णाने समजून घ्याव्यात. एक म्हणजे फ्लुओरेसिनची. केशरी रंगाचा एक थेंब डोळ्यात सोडतात, निळ्या प्रकाशात स्लिट लॅम्पमधून पाहतात. सबंध बुबुळ चमकत्या हिरव्या रंगाचे दिसते. "आता पापण्या मिटू नका," असे सांगून डॉक्टर सेकंद मोजतात. निरोगी डोळ्यात हा हिरवा थर दहा सेकंदांहून जास्त टिकतो. कोरड्या डोळ्यात चार-पाच सेकंदांतच त्यावर काळे ठिपके उमटतात, मग ते पसरत जातात. जिथे काळे दिसते तिथे अश्रूंचा थर फाटलेला असतो. दुसरी तपासणी जर्मन डॉक्टर ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सुचवली. टिपकागदाची ३५ मिलिमीटर लांब पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांनी ती किती ओली झाली ते पाहतात. दहा मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर संशय घ्यायचा, पाचपेक्षा कमी भरली तर पाणी कमी आहे हे बऱ्यापैकी नक्की. तिसरी तपासणी सर्वांत साधी आणि घाईत सर्वांत जास्त वगळली जाणारी: वरची पापणी उलटून पाहणे. अ‍ॅलर्जीत आतल्या गुळगुळीत आवरणावर बारीक उंचवटे आलेले असतात. जुन्या आणि तीव्र अ‍ॅलर्जीत ते इतके मोठे होतात की फरसबंदीचे दगड शेजारी शेजारी बसवल्यासारखे दिसतात. डोळ्यांच्या तक्रारीसाठी गेलात आणि पापणी कोणी उलटलीच नाही, तर नम्रपणे तशी विनंती करायला हरकत नाही.

दोन्ही आजार एकाच डोळ्यात असू शकतात, हेही सांगितले पाहिजे. अश्रूंचे एक काम डोळ्यात आलेले परागकण धुऊन काढण्याचे. अश्रू कमी पडले की कण जास्त वेळ चिकटून राहतात आणि अ‍ॅलर्जी भडकते. उलट अनेक वर्षांच्या अ‍ॅलर्जीने पापण्यांच्या ग्रंथी आणि श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी बिघडतात आणि डोळे कोरडे होतात. इथेच चुकीच्या औषधाचा प्रश्न उभा राहतो. सर्दी-खाजेवर आपण सहज घेतो त्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या खाज कमी करतात, पण शरीरातले स्राव सुकवतात, त्यात अश्रूही आले. कोरड्या डोळ्यांचा माणूस "अ‍ॅलर्जी आहे" असे समजून महिनोन्‌महिने अशी गोळी घेत राहिला, तर तो आपला आजार स्वतःच वाढवतो. लाली ताबडतोब घालवणारे, नॅफॅझोलिनसारखे घटक असलेले थेंब रक्तवाहिन्या आवळतात. काही तासांनी औषधाचा जोर ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. दिवसातून अनेकदा टाकल्या जाणाऱ्या थेंबांतले बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठीचे रसायनही कोरड्या डोळ्याला इजा करते. म्हणून ज्याला दिवसातून चार-पाच वेळांहून जास्त कृत्रिम अश्रू लागतात, त्याने असे रसायन नसलेले मागावेत.

पण यापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट स्टेरॉइडची आहे, आणि हा मजकूर लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक, आणि आपल्यासारख्या उष्ण-कोरड्या प्रदेशांत विशेष आढळणारी एक तीव्र अ‍ॅलर्जी आहे. तिला व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस म्हणतात. मूल मुठीच्या सांध्यांनी डोळे रगडत असते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला मळकट तपकिरी छटा येते. सकाळी डोळ्यांतून चिकट, पांढरा, दोऱ्यासारखा लांबणारा स्राव निघतो. उजेडात डोळे उघडवत नाहीत. बुबुळाच्या कडेला जाडसर कडा आणि तिच्यावर पांढुरके ठिपके दिसतात. चैत्र ते आषाढ त्रास वाढतो, थंडीत उतरतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. बहुतेक मुलांत किशोरवय ओलांडताना तो आपोआप कमी होतो. म्हणजे हा आजार सांभाळून न्यायचा आहे, आणि ती सांभाळण्याची वर्षे बरीच असतात.

या वर्षांत काय घडते? पहिल्या वेळी डॉक्टर जोर आवरण्यासाठी आठ-दहा दिवसांचे स्टेरॉइडचे थेंब देतात आणि पुन्हा दाखवायला बोलावतात. थेंबांनी जादू झाल्यासारखी खाज थांबते. आईबापांना वाटते, औषध सापडले. पुढच्या वर्षी डॉक्टरांकडे न जाता जुनी चिठ्ठी किंवा रिकामी बाटली दुकानात दाखवली जाते आणि तेच औषध मिळते. त्याच्या पुढच्या वर्षीही. त्या काळात डोळ्यांतला दाब हळूहळू वाढत असतो. तो दुखत नाही, लाल होत नाही, मूल तक्रार करत नाही. दृष्टीच्या कडा आधी जातात, आणि मधले दिसत असल्यामुळे फळ्यावरचे वाचता येते, कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा काचबिंदूने नस सुकलेली असते. स्टेरॉइडने मोतीबिंदूही होतो, पण त्यावर शस्त्रक्रिया आहे. काचबिंदूने गेलेली नजर परत आणणारा इलाज आज कुठेही नाही. दहा-बारा वर्षांचे मूल डोळे चोळण्याच्या आजारापायी आंधळे व्हावे, याइतकी टाळता येण्याजोगी हानी दुसरी नसेल.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. बुबुळावर जखम होण्याइतकी अ‍ॅलर्जी भडकली असेल तर ते द्यावेच लागते. मात्र ते किती दिवस द्यायचे, केव्हा कमी करायचे आणि डोळ्यांतला दाब केव्हा मोजायचा, हे नेत्रतज्ज्ञाने ठरवायचे आहे. दीर्घकाळासाठी ओलोपॅटॅडिनसारखे हिस्टामिनला रोखणारे आणि मास्ट पेशींना शांत ठेवणारे थेंब आहेत, हट्टी आजारासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आहे. औषध नियम, १९४५ प्रमाणे स्टेरॉइड ही अनुसूची 'एच'मधली औषधे आहेत, ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. हा नियम काउंटरवर किती पाळला जातो, हे वाचकांनी स्वतः अनुभवले असेलच. औषध निरीक्षकांनी तपासणीत डोळ्यांच्या थेंबांकडे खास लक्ष द्यावे आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना याबाबत बजवावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

शेतीच्या हंगामात तर याच बाटलीचा आणखी एक धोका असतो. धान कापताना पात्याची कड किंवा लोंबीचे टोक डोळ्याला लागते. खरचटलेल्या बुबुळात बुरशी शिरते आणि दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, खुपतो, उजेड सहन होत नाही. हे अ‍ॅलर्जी समजून स्टेरॉइड टाकले की सुरुवातीला लाली उतरल्यासारखी वाटते आणि आत बुरशी मोकाट वाढते. बुबुळ फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वेल्डिंग, ग्राइंडिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण रुतला तर काही तासांत त्याभोवती गंजाचे वलय धरते. तो कण डॉक्टरांनीच काढायचा असतो, शेजारच्या सहकाऱ्याने रुमालाच्या टोकाने नव्हे. म्हणून एक नियम लक्षात ठेवावा. अ‍ॅलर्जी आणि कोरडेपणा बहुधा दोन्ही डोळ्यांना असतात. एकच डोळा लाल आहे, ठणकतो आहे, नजर कमी झाली आहे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आहे किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घातलेली असताना हे घडले आहे, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लहान मुलाला संधिप्रकाशात दिसेनासे झाले आणि डोळे निस्तेज, कोरडे वाटले, तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा विचार करून तोही दिवस वाया घालवू नये.

घरी काय करावे, याची उत्तरे दोन्ही आजारांत जवळजवळ उलटी आहेत. अ‍ॅलर्जीला थंड लागते: फ्रिजमधल्या पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ घडी मिटलेल्या पापण्यांवर ठेवली की खाज उतरते, आणि कृत्रिम अश्रूंची बाटली फ्रिजमध्ये ठेवून वापरली तर आणखी बरे वाटते. बाहेरून आल्यावर चेहरा, पापण्या आणि केस धुवावेत, उशीचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावेत, कूलरच्या जाळ्या अक्षय्य तृतीयेआधी बदलाव्यात. कोरडेपणाला ऊब लागते: सहन होईल इतक्या कोमट-गरम पाण्यात पंचाची घडी बुडवून, पिळून, दहा मिनिटे पापण्यांवर धरायची, थंड झाली की पुन्हा बुडवायची, आणि मग बोटाने पापणीच्या कडेकडे हलके चोळायचे म्हणजे साचलेले तेल सुटते. हे एकदा करून उपयोग नाही, महिनाभर रोज करावे लागते. कूलर, पंखा, एसी यांचा झोत तोंडावर घेऊ नये. कूलरची हवा ओलसर असते म्हणून ती डोळ्यांना चांगली, हा समज खरा नाही, कारण हवा ओलसर असली तरी तिचा झोत अश्रू उडवतोच. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवावा, दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहावे आणि मुद्दाम पूर्ण पापण्या मिटाव्यात. गुलाबपाणी, मध, एरंडेल, आईचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये, कारण ते निर्जंतुक नसते. डोळे चोळण्याची सवय तर दोन्हींत घातक आहे. वर्षानुवर्षे चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ शकते, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही.

डोळे दाखवायचे तर सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय, दुर्गचे जिल्हा रुग्णालय आणि रायपूरचे एम्स या तिन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहेत. वाचकांना एकच विनंती. घरातल्या औषधांच्या डब्यात आणि फ्रिजच्या दारात पडलेल्या डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या आजच बाहेर काढा. उघडून महिना उलटलेली प्रत्येक बाटली टाकून द्या. उरलेल्यांवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव छापले आहे का ते वाचा. असेल आणि ती बाटली घरातले मूल चिठ्ठीशिवाय वापरत आले असेल, तर औषध एकदम बंद न करता बाटली सोबत घेऊन या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि मुलाच्या डोळ्यांतला दाब मोजून घ्या.